नदी बंद असते तेव्हा

तंदूरमागच्या भिंतीवर लटकणाऱ्या कॅलेंडरवर मी रोज एक आकडा लिहीत असे. सात. साडेसहा. सहा. मग पाच, पाच, साडेचार. अम्मांना बरेच दिवस वाटत होतं की मी दुधाचा हिशेब ठेवतेय. हिशेब पाण्याचा होता. हिमाचलच्या बंजार भागात, गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला, अम्मा आणि चाचाजींच्या ज्या घरात मी हिवाळा काढला, त्या घराखालून एक नाला तीर्थन नदीला जाऊन मिळतो. त्या नाल्याचं पाणी सकाळी नऊ वाजता किती थंड आहे, ते मी थर्मामीटर बुडवून बघायचे आणि वर येऊन कॅलेंडरवर टिपायचे.

याची सुरुवात माझ्या एका चुकीतून झाली.

त्याच्या आदल्या वर्षी मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात इथे आले होते. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राऊट या थंड पाण्यातल्या माशाची मासेमारी बंद असते. बंदीआधीचे चार दिवस पदरात पाडून घ्यावेत म्हणून परवाना काढला, रबरी बूट चढवले आणि नाला जिथे नदीला मिळतो तिथल्या उथळ पाण्यातून पलीकडच्या डोहाकडे निघाले. पाणी पोटरीइतकं. पायाखाली सुपारीएवढे, लिंबाएवढे गोटे, चालायला सोपे. तेवढ्यात काठावरून चाचाजींची हाक आली. एरवी हा माणूस गाईवरसुद्धा आवाज चढवत नाही.

"बाहेर ये! आधी बाहेर ये बेटा, मग सांगतो."

मी बाहेर आले. त्यांनी काठीने पाण्यात दाखवलं. सगळा तळ शेवाळाने तपकिरी झालेला, आणि मधेच जेवणाच्या ताटापेक्षा थोडा मोठा, फिकट, धुतल्यासारखा एक डाग. तेवढ्या भागातले गोटे लख्ख होते. मादीने शेपटीने घासून केलेला खड्डा होता तो. अंडी घालायची तयारी. माझ्या बुटाखाली उलटलेला शेवटचा गोटा तिथून वीतभर अंतरावर होता. त्याच्या आधीच्या तीस-चाळीस पावलांत मी कशाकशावर पाय दिला असेल, ते मला आजही सलतं.

सलण्याचं कारण असं की फ्लाय फिशिंग करताना आपण पाण्याशी फार जपून वागतो, अशी माझी समजूत होती. साध्या गळाला वजन असतं. ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे उलट आहे. गळावर बांधलेली माशी पिसांची आणि दोऱ्याची, जवळजवळ बिनवजनाची. वजन दोरीला असतं आणि फेकायची असते ती दोरी. दांडी मागे नेली की दोरी पाठीमागे हवेत उलगडत जाते. ती पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं आणि मग दांडी पुढे आणायची. घाई केली तर चाबकासारखा फटका बसून माशी तुटते. उशीर केला तर दोरी मागच्या झुडपात अडकते. सगळी कला त्या क्षणभर थांबण्यात आहे. माशी पाण्यावर अशी उतरली पाहिजे की माशाला ती आकाशातून आलीय असं वाटावं. मासा लागला तर हात ओले करून, त्याला पाण्यातच धरून सोडवायचं. हे सगळं मी वर्षानुवर्षं निष्ठेने शिकले होते, आणि पाय कुठे पडतोय ते बघायला शिकले नव्हते.

म्हणून पुढच्या वर्षी ठरवलं की हिवाळा इथेच काढायचा. दांडी खोळीत ठेवून. नदी बंद असते तेव्हा तिच्यात काय चालतं ते बघायचं.

मादी दिसली ती २४ नोव्हेंबरला, दुपारी बाराच्या सुमारास, ऊन पाण्यावर सरळ पडलं होतं तेव्हा. वितीहून बरीच मोठी, पाठ गडद, कुशीवर काळे आणि लाल ठिपके: ब्राऊन ट्राऊट. ती कुशीवर वळे आणि शेपटी अशी झपाझप आपटे की गोटे उठत आणि धार त्यांना चार बोटं खाली नेऊन ठेवी. मग सरळ होऊन खड्ड्यात पोट टेकवी, खोली अजमावी. पुन्हा कुशीवर. मागे दोन नर होते. त्यातला मोठा धाकट्याला सारखा हुसकावत होता. तासाभराने मोठा नर तिच्या अंगाला अंग लावून थरथरला, दोघांचे जबडे वासलेले, आणि काही क्षणांत सगळं झालं. लगेच ती खड्ड्याच्या वरच्या अंगाला गेली आणि तिथले गोटे उकरू लागली. वाहत आलेला एकेक गोटा अंड्यांवर बसत गेला, आणि खड्ड्याच्या जागी लहानसा उंचवटा झाला. मी काठावरच्या खडकावर पालथी पडून होते. कोपरं बधिर झाली होती, तरी उठवत नव्हतं.

ही अंडी ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी असतात. किलोभराची मादी दीड-दोन हजार अंडी घालते. त्यांना उबवायला कोणी बसत नाही. गोट्यांच्या फटींतून वाहणारं पाणी हाच त्यांचा श्वास. फटींत गाळ बसला की ती गुदमरतात. आणि त्यांची वाढ किती वेगाने व्हायची ते पाण्याची थंडी ठरवते. हिशेब सरळ आहे: रोजचं तापमान मिळवत जायचं, बेरीज चारशेच्या थोडी पुढे गेली की अंडं फुटतं. पाणी आठ अंशांवर राहिलं तर पन्नासेक दिवस, चार अंशांवर राहिलं तर शंभरेक. चाचाजींनी तरुणपणी ट्राऊटच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायच्या केंद्रात, काम केलं होतं, तिथे ते हे शिकले. कागदावर कधी मांडलं नव्हतं, पण बोटांवर चोख. कॅलेंडरची कल्पना त्यांचीच.

या मंदपणामुळेच तर हा मासा इथवर आला. ब्राऊन ट्राऊट हिमालयातला नाही. १८९९ साली काश्मीरसाठी इंग्लंडहून निघालेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली. पुढे १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने काश्मीरची अंडी कुल्लूत आणून कटराईंजवळ हॅचरी उभी केली. त्या काळी ट्राऊटची अंडी ओल्या शेवाळात घालून, बर्फाचा थंडावा देत नेत असत. थंडीत ठेवलं की आतला जीव सावकाश वाढतो, आणि जहाजाच्या प्रवासाला लागतील तेवढे आठवडे मिळतात. माझ्या कॅलेंडरवरची बेरीज आणि त्या जहाजावरचा बर्फ, दोन्ही एकाच हिशेबातले.

इथला मूळचा मासा वेगळा आहे. त्याला स्नो ट्राऊट म्हणतात, पण तो ट्राऊट नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. थंडी वाढली की तो वरचं पाणी सोडून खाली, जरा उबदार पाण्यात उतरतो. गद्दी मेंढपाळही त्याच सुमाराला कळप घेऊन खाली जातात. बाहेरून आणलेल्या ब्राऊन ट्राऊटने या माशाची जागा आणि त्याची पिल्लंही खाल्ली, हे खरं आहे. मला प्रिय असलेला मासा इथला पाहुणा आहे आणि तो पाहुण्यासारखा वागलेला नाही. हे मनात ठेवूनच मी त्याच्यावर प्रेम करते. ही नदी वाहती राहिली त्यात मात्र त्याचाही वाटा आहे. या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प येऊ घातले तेव्हा बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावोगावचे लोक उभे राहिले, कोर्टात गेले, आणि तीर्थनवर धरण झालं नाही. ही ट्राऊटची नदी आहे, हेही त्या लढ्यात बोललं गेलं.

डिसेंबरच्या मध्याला पहिला मोठा बर्फ पडला. जलोडी जोत, म्हणजे ३१२० मीटरवरची खिंड, त्याआधीच बंद झाली होती. आता खालचा रस्ताही तीन दिवस गेला, वीज पाच दिवस. घर काठकुणीचं, म्हणजे देवदाराच्या तुळया आणि दगड यांचे एकाआड एक थर, चुना-सिमेंट काही नाही. खालच्या मजल्यावर गुरं, वर माणसं. गुरांची ऊब फळ्यांमधून वर येते हे मी ऐकलं होतं. पहाटे अनवाणी पाय जमिनीवर ठेवल्यावर ते पटलं. वरच्या खोलीत मधोमध तंदूर, पत्र्याची शेगडी, तिचा धुराडा छपरातून बाहेर. हिवाळ्यात घर म्हणजे ही एकच खोली. स्वयंपाक तिथे, अभ्यास तिथे, पाहुणा तिथे, आणि बर्फात जन्मलेलं कोकरू आठ दिवस तिथेच. ऊन दहाला डोंगरावरून उतरायचं आणि तीनला पलीकडे जायचं. त्या पाच तासांत सगळं करायचं: छपराच्या स्लेटवरचा बर्फ ओढायचा, गुरांखाली चीडची पानं पसरायची, झाडावर रचून ठेवलेलं गवत उतरवायचं. रात्री नळ थेंबथेंब चालू ठेवायचा, नाहीतर पाइप फुटतो. तीननंतर अक्रोड फोडायचे आणि बोलायचं. भाकरीच्या जागी सिड्डू, वाफवलेला, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. खाताना कोणी बोलत नसे.

अंगणातल्या ताज्या बर्फावर मी दोरी फेकायचा सराव केला. गळाच्या जागी लोकरीचा गुंडा. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं: पाणी तुमची चूक लगेच पुसून टाकतं, बर्फ ती जपून ठेवतो. दोरी पडली की बर्फावर तिची रेघ उमटते. सरळ पडली तर सुताने आखल्यासारखी; मनगट वळलं असेल तर टोकाला आकड्यासारखी वाकडी; घाई झाली असेल तर मधे नागमोडी. सकाळी कोरं अंगण, तासाभराने तीस-चाळीस रेघा. इतकी वर्षं माझी दोरी टोकाला डावीकडे वळत होती आणि प्रवाह तिला लगेच ओढून नेत असल्यामुळे मला ते दिसलंच नव्हतं. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा रेघा मोजायचा आणि सरळ असेल तिच्या टोकाशी अक्रोडाचं टरफल ठेवायचा. जानेवारीअखेर टरफलं वाढली.

संध्याकाळी माश्या बांधायच्या. बारीक गळ पकडीत धरायचा, त्यावर दोरा गुंडाळत शेपटी, पोट, पंख आणि गळ्याशी कोंबड्याच्या मानेवरचं पीस असं एकेक चढवायचं. अम्मा समोर बसून तकलीवर लोकर कातायच्या. आम्ही दोघी एकाच दिव्याखाली, दोघींच्या बोटांत धागा. मोनाल पक्ष्याची पिसं घरात जुन्या टोपीवर होती, पण त्यांना हात लावायचा नाही, कायद्यानेही आणि मनानेही. माझं काम गळून पडलेल्या मोरपिसाच्या तंतूंवर आणि कोंबड्यावर चालतं. एकदा मी अम्मांना सांगितलं की रोमन काळातल्या एलियन नावाच्या लेखकाने, सुमारे १८०० वर्षांपूर्वी, मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात असं लिहून ठेवलंय. त्यांनी तकली थांबवली. उठून पट्टूच्या, म्हणजे लोकरी वस्त्राच्या, किनारीसाठी रंगवलेल्या लोकरीतून लाल चिमूट तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ती लोकर तेलकट होती, मेंढीचा वास असलेली. गळावर चढवताना ती दोऱ्याला अशी धरून बसली की मेणाची गरज पडली नाही. ओली केली तर रंग गडद झाला, पण तंतू फुगलेलेच राहिले. ती माशी मी वेगळ्या डबीत ठेवली.

मराठीत मासा आणि माशी हे शब्द इतके शेजारी आहेत, ही गोष्ट मला तिथे, डोंगरातल्या त्या खोलीत पहिल्यांदा जाणवली.

जानेवारीत नदी मेल्यासारखी दिसते, आणि तसं मुळीच नसतं. मोठ्या नदीच्या कडेचा, गोट्यांच्या पट्ट्यापासून दूरचा एखादा दगड मी उचलून बघायचे आणि होता तसा परत ठेवायचे. खाली पाण्यातले किडे: मेफ्लायची पिल्लं, तीन शेपट्यांची, चपटी, दगडाला घट्ट धरून. स्टोनफ्लायची दोन शेपट्यांची. कॅडिसच्या अळ्या वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत. मेफ्लायचं पंखवालं आयुष्य फार तर एक-दोन दिवसांचं. त्याआधीचे कित्येक महिने ती अशी दगडाखाली काढते. डिपर नावाचा तपकिरी पक्षी बर्फाच्या कडेवरून सरळ पाण्यात चालत जायचा आणि तळाशी अशाच अळ्या वेचायचा. बाहेर आला की खडकावर उभा राहून उठाबशा काढल्यासारखा वर-खाली होई.

मकरसंक्रांतीला कॅलेंडरवरच्या तापमानाची बेरीज २५३ झाली होती. त्याच दिवशी गावचा देव स्वर्गात गेला. कुल्लूच्या या भागातले बरेच देव माघात इंद्राच्या सभेला जातात असं मानतात. देवळाची दारं लागतात, ढोल-नगारे मुके होतात, देवाला काही विचारायचं नाही, मागायचं नाही. परत आले की गूर, म्हणजे ज्याच्या तोंडून देव बोलतो तो माणूस, वर्ष कसं जाईल ते सांगतो. मला हे फार आवडलं. वर्षातून काही दिवस मागायचंच नाही. देवाकडे नाही, नदीकडेही नाही.

त्या दिवसांतच नाला गढूळ झाला. २९ जानेवारी, आभाळ निरभ्र, पाऊस नाही, आणि पाणी ताकासारखं. वरच्या बाजूला रस्त्याचं काम चाललं होतं आणि मलबा थेट उतारावरून खाली लोटला जात होता. मी हात बुडवून गोट्यांवरून फिरवला तर बोटांना पिठासारखा थर लागला. २०२३ च्या जुलैत कुल्लूतल्या नद्यांनी पात्रं बदलली, पूल नेले, ते लोकांनी सोसलं. पुराशी भांडता येत नाही. हे तसं नव्हतं. चाचाजींनी काही विचारलं नाही. टोपी घातली, दोन शेजारी बरोबर घेतले आणि दुपारी वर चढले. काय बोलले ते मला कळलं नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. दुसऱ्या दिवसापासून मलबा वळणापलीकडे पडू लागला. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तळ दिसला. पण अंड्यांचं काय झालं ते समजायला मार्ग नव्हता. उकरून बघणं म्हणजे उरलेलीही मारणं. मी कॅलेंडरवर आकडे लिहीत राहिले. त्या महिनाअखेर ३१२.

फेब्रुवारीच्या मध्याला फागलीचा सण झाला. गवताचे घोळदार पेहराव, लाकडी मुखवटे, ढोल पुन्हा बोलू लागले, आणि गर्दीवर उधळलेला नर्गिसच्या फुलांचा गुच्छ पकडायला सगळ्यांची झोंबाझोंबी. २४ फेब्रुवारीला बेरीज ४०८. म्हणजे, जर काही जगलं असेल, तर त्या गोट्यांखाली आता अंडी फुटत होती.

१ मार्चला मासेमारी उघडली. परवाना खिशात, दांडी जोडलेली. पण अंड्यातून निघालेलं पिल्लू लगेच वर येत नाही. पोटाला बलकाची पिशवी घेऊन ते आणखी कित्येक आठवडे गोट्यांच्या फटीतच राहतं, पिशवी संपेपर्यंत. सरकारी कॅलेंडर उघडलं होतं, माझ्या कॅलेंडरला अजून दीड महिना होता. मी उथळ पाण्यात उतरले नाही. वरून फेरा घालून, बर्फ उरलेल्या पायवाटेने डोहापर्यंत गेले, खडकावर उभी राहिले आणि लाल लोकरीची माशी टाकली. दोरी मागे उलगडेपर्यंत थांबले. चौथ्या की पाचव्या वेळी पाण्यात पिवळसर चमक झाली आणि दांडी वाकली. मासा हिवाळ्याने हडकलेला होता, डोकं मोठं आणि पोट आत. ओल्या हाताने सोडवला. तो हातातून निघून लगेच पळाला नाही. माझ्या बोटांच्या आडोशाला थोडा वेळ उभा राहिला, कल्ले हलवत, आणि मग खोल गेला. त्या दिवशी मी पुन्हा दोरी टाकली नाही.

१६ एप्रिल. बेरीज ७३८. जर्दाळू फुलून गेला होता. नाल्याच्या कडेला, जिथे धार एका दगडामागे मंदावते, तिथे मला आधी फक्त सावल्या दिसल्या: तळाच्या वाळूवर बारीक रेघा, थरथरणाऱ्या, सगळ्यांची तोंडं वरच्या अंगाला. मग त्या सावल्यांचे मालक दिसले, पाण्याच्याच रंगाचे, नखाहून थोडे लांब. आपल्याकडे मासेपालनात अगदी लहान पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात. शब्द किती नेमका आहे ते जिऱ्याएवढे डोळे बघून कळलं. मी सतरा मोजले. पुन्हा मोजले तर एकोणीस.

अम्मा पाठीवरच्या किल्ट्यात, म्हणजे टोपलीत, हिवाळ्याची लोकर घेऊन धुवायला आल्या होत्या. मी नुसतं बोट दाखवलं. त्या गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग किल्टा पुन्हा पाठीवर घेतला आणि लोकर धुवायला नाल्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या मोठ्या धारेकडे गेल्या.